दिवा कुठे आणि डोळा कुठे?

आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना व्हिडिओ गेम भेट दिला. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ साली बाजारात आणलेला 'वी' नावाचा हा खेळ. जगभरात तो दहा कोटींहून अधिक विकला गेला. २०१३ साली कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले. आता तो जुन्या वस्तूंत जमा झाला असला तरी मुलांना त्याचे अप्रूप कमी नव्हते. हातातला रिमोट बॅटसारखा फिरवला की पडद्यावरचा खेळाडू चेंडू मारतो, आणि रिमोट पडद्याकडे रोखला की बोटाने दाखवावे तसा पडद्यावर एक छोटासा हात सरकू लागतो.

साहजिकच मुलांनी विचारले, "सर, टीव्हीला कसे कळते आपण कुठे रोखलेय ते?" टीव्हीच्या वर एक बोटभर रुंदीची काळी पट्टी ठेवावी लागते आणि तिची वायर मुख्य यंत्राला जोडावी लागते. या पट्टीचे नावच मुळी 'सेन्सर बार', म्हणजे संवेदक पट्टी. तेव्हा आम्ही विश्वासाने सांगून टाकले, "ही पट्टी तुमच्या हातातल्या रिमोटकडे बघत असते. तीच यंत्राला सांगते." मुलांचे समाधान झाले, आमचेही झाले.

दिवाळीच्या सुट्टीत उंदरांनी पट्टीची वायर कुरतडली. आता खेळ बंद, असे आम्ही जाहीर केले. नववीतली एक मुलगी मात्र तुटलेली वायर हातात घेऊन बराच वेळ निरखत होती. ती म्हणाली, "सर, हिच्यात दोनच तारा आहेत. विजेच्या दिव्याच्या वायरीत असतात तशा. पट्टीला जे दिसते ते ती यंत्राला कळवते कुठल्या तारेतून?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ते शोधायला बसलो तेव्हा कळले, की आपण मुलांना चक्क उलटे सांगितले होते. ती पट्टी काहीच बघत नाही. ती फक्त उजळते. बघण्याचे काम रिमोट करतो. पट्टी म्हणजे दिवा आणि रिमोट म्हणजे डोळा. या लेखात हा सगळा उलगडा आपण क्रमाने पाहूया.

न दिसणारा उजेड

इसवी सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडला आणि निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही तापमापकातला पारा चढला. तांबड्याच्या पलीकडच्या या प्रकाशालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. बोलीभाषेत आता इन्फ्रारेड हाच शब्द रुळला आहे.

आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. त्यापुढे अवरक्ताचा फार मोठा प्रदेश सुरू होतो, आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवायला हवी. अवरक्त म्हणजे उष्णता, असे समीकरण आपण वर्गात सरसकट मांडतो. प्रत्यक्षात या प्रदेशाचे दोन टोकांचे भाग अगदी वेगळे वागतात. आपल्या शरीरातून निघणारे अवरक्त किरण ९,००० नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत तीव्र असतात. कॅमेऱ्यातला सिलिकॉनचा तुकडा मात्र जेमतेम १,१०० नॅनोमीटरपर्यंतचाच प्रकाश टिपू शकतो. म्हणजे साधा कॅमेरा तांबड्याला लागून असलेली अवरक्ताची छोटी पट्टी पाहू शकतो, पण माणसाच्या अंगाची ऊब त्याला दिसत नाही.

टीव्हीच्या रिमोटमधील बारीक दिवा याच जवळच्या पट्टीत, सुमारे ९४० नॅनोमीटरला उजळतो. आपल्याला तो दिसत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर बहुधा फिकट जांभळा दिसतो. काही मोबाइलमध्ये मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त अडवणारी काच असते. तेव्हा पुढच्या कॅमेऱ्यातून पाहावे. आम्ही कुरतडलेल्या तारा पुन्हा जोडून संवेदक पट्टीकडे असेच मोबाइलमधून पाहिले. पट्टीच्या दोन्ही टोकांना दिव्यांचे दोन पुंजके लख्ख दिसले, आणि मधला सगळा भाग काळा. एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला पाच, असे दहा अवरक्त दिवे. त्या दोन तारा फक्त या दिव्यांना वीज पुरवत होत्या. मुलीची शंका बरोबर होती.

दोन मेणबत्त्यांची परीक्षा

वाचून पटणे आणि पाहून पटणे यांत फरक असतो. म्हणून तारा जोडण्यापूर्वीच आम्ही एक परीक्षा घेतली. पट्टी बाजूला काढली. टीव्हीसमोरच्या बाकावर एकमेकींपासून वीतभर, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर अंतरावर, दोन मेणबत्त्या लावल्या आणि रिमोट त्यांच्याकडे रोखला. पडद्यावर तो छोटा हात पुन्हा हजर झाला!

मेणबत्तीच्या ज्योतीत काजळीचे बारीक कण सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला तापून उजळत असतात. इतक्या तपमानाच्या वस्तूचा बहुतेक प्रकाश अवरक्तातच असतो. आपल्याला दिसतो तो पिवळा उजेड हा त्यातला छोटासा हिस्सा. रिमोटच्या तोंडाशी असलेली गडद काच दिसणारा प्रकाश अडवते आणि अवरक्त आत सोडते. त्यामुळे रिमोटला मेणबत्ती म्हणजे एक चांगला ठळक ठिपका वाटतो.

मग एका मुलाने मेणबत्त्या उचलून खिडकीशेजारच्या बाकावर नेल्या. टीव्ही एका भिंतीला आणि मेणबत्त्या दुसऱ्या भिंतीला. त्याने टीव्हीकडे पाठ करून रिमोट मेणबत्त्यांकडे रोखला, तर टीव्हीवरचा हात रिमोटच्या हालचालीबरोबर सरकू लागला. या एका परीक्षेने सारे स्पष्ट झाले. टीव्ही कुठे आहे हे त्या यंत्राला ठाऊकच नसते. दोन उजळ ठिपके जिथे असतील तिथेच टीव्ही आहे, असे ते धरून चालते. म्हणूनच पट्टी टीव्हीच्या वर ठेवली आहे की खाली, हे सुरुवातीला यंत्राला आपणच सांगावे लागते.

रिमोट काय पाहतो?

रिमोटच्या पुढच्या टोकात एक छोटा कॅमेरा असतो. पण तो चित्र काढून पाठवत नाही. त्याला जोडलेले मंडल प्रतिमेतील जास्तीत जास्त चार उजळ ठिपके शोधते आणि प्रत्येक ठिपका कुठे आहे ते दोन आकड्यांत सांगते. आलेख कागदावर आपण बिंदूचे क्ष आणि य हे निर्देशक सांगतो, अगदी तसेच. हा आलेख आडवा १,०२४ आणि उभा ७६८ भागांचा असतो. सेकंदाला सुमारे शंभर वेळा हे आकडे ब्लूटूथच्या रेडिओलहरींतून मुख्य यंत्राकडे जातात. संपूर्ण चित्र पाठवण्याऐवजी चारच बिंदूंचे निर्देशक पाठवायचे असल्याने काम स्वस्तात आणि झटपट होते.

समजा, आपण रिमोट उजवीकडे वळवला. कॅमेऱ्याला काय दिसेल? आपण मान उजवीकडे वळवली तर समोरचा फळा डाव्या बाजूला सरकल्यासारखा वाटतो. तसेच इथे दोन्ही ठिपके प्रतिमेत डावीकडे सरकतात. यंत्र हे उलटे करून घेते आणि पडद्यावरचा हात उजवीकडे नेते. रिमोट वर उचलला तर ठिपके खाली जातात आणि पडद्यावरचा हात वर जातो.

आता प्रश्न असा, की एवढ्यासाठी एक ठिपका पुरेसा होता. मग दोन कशाला?

पहिले कारण अंतराचे. पट्टीवरील दोन दिव्यांमधले अंतर ठरलेले असते. आपण मागे सरकलो की प्रतिमेतले दोन ठिपके एकमेकांजवळ येतात. समजा, २ मीटरवरून पाहताना ठिपक्यांमध्ये १६० भागांचे अंतर आहे. मग ४ मीटरवरून ते ८० भरेल. आठवी-नववीत शिकवलेले समरूप त्रिकोण इथे थेट उपयोगी पडतात. खेळाडू पुढे आला की मागे गेला, हे यंत्राला यावरून कळते.

दुसरे कारण पिळाचे. कुलपात किल्ली फिरवावी तसा रिमोट फिरवला, तर दोन ठिपक्यांना जोडणारी रेषा प्रतिमेत तिरपी होते. ती जितकी तिरपी, तितका रिमोटचा पीळ.

मात्र यातही एक खोच आहे. दोन्ही ठिपके दिसायला सारखेच. रिमोट पूर्ण उलटा धरला तरी रेषा पुन्हा आडवीच दिसणार. मग डावा ठिपका कुठला आणि उजवा कुठला? हे ठिपक्यांवरून सांगता येत नाही. इथे रिमोटमधील दुसरा संवेदक मदतीला येतो.

ओळंबा आणि त्याची मर्यादा

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. ओळंबा नेहमी पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेला असतो. रिमोटच्या आतही असाच एक ओळंबा आहे. फक्त तो सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांना टांगलेला आहे. याला त्वरणमापक म्हणतात. रिमोट स्थिर असताना गुरुत्वामुळे हा सूक्ष्म तुकडा किंचित खाली ओढला जातो आणि 'खाली' म्हणजे कोणती दिशा, हे कळते. रिमोट झटक्याने हलवला की तो तुकडा मागे राहतो, जशी एसटी अचानक सुटली की उभे असलेले प्रवासी मागे झुकतात. त्यावरून झटका किती आणि कोणत्या दिशेने, हे कळते. गुरुत्वत्वरणाच्या तिप्पट किंवा थोड्या अधिक त्वरणापर्यंत हा मापक मोजू शकतो.

टेनिसचा फटका मारताना रिमोट कधी छताकडे, कधी जमिनीकडे वळतो. त्या क्षणी कॅमेऱ्याला एकही ठिपका दिसत नाही. म्हणजे फटका ओळखण्याचे काम मुख्यतः त्वरणमापकाचे असते, अवरक्ताचे नव्हे. आमच्या मुलांनी पट्टी नसतानाही टेनिसचा चेंडू टोलवून दाखवला.

मग त्वरणमापकावरच सगळे काम का भागत नाही? हा प्रश्न वर्गात विचारून पाहण्याजोगा आहे. ओळंबा हातात धरा आणि जागच्या जागी उत्तरेकडून पूर्वेकडे वळा. ओळंब्यात काही फरक पडला का? काहीच नाही. गुरुत्वाची दिशा उभी असल्याने आडव्या पातळीत वळल्याचे ओळंब्याला कळूच शकत नाही. रिमोट टीव्हीच्या डाव्या कडेकडे रोखला आहे की उजव्या, हेही त्वरणमापकाला म्हणूनच कळत नाही. त्याला बाहेरची एखादी खूण लागते, जसे नावाड्याला दीपगृह लागते. ते दोन अवरक्त ठिपके म्हणजे हे दीपगृह. २००९ साली कंपनीने रिमोटला जोडायचा, वळण्याचा वेग मोजणारा वेगळा संवेदकही काढला. पण वेगाची बेरीज करत गेले की बारीकसारीक चुकाही साठत जातात. अधूनमधून दीपगृहाकडे पाहिले की त्या सुधारता येतात.

एकच प्रश्न, निरनिराळी उत्तरे

अशा कोणत्याही उपकरणाबद्दल मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लावावी: दिवा कुठे आहे आणि डोळा कुठे आहे?

टीव्हीच्या रिमोटमध्ये दिवा हातात असतो आणि डोळा टीव्हीत. 'वी'मध्ये दिवा टीव्हीपाशी आणि डोळा हातात. या उलटापालटीनेच आमची फसगत केली होती. रिमोट म्हणजे काहीतरी पाठवणारा, अशी आपल्या मनाची समजूत पक्की असते.

१९९०च्या दशकात आपल्याकडे घरोघरी कॅसेटवाले व्हिडिओ गेम आले. त्यांच्याबरोबर मिळणाऱ्या बंदुकीने पडद्यावरची बदके टिपण्याचा खेळ अनेकांना आठवत असेल. मूळ खेळ १९८४चा, 'डक हंट' नावाचा, निन्टेन्डोचाच. त्या बंदुकीतून काही सुटत नसे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळीतील प्रकाशसंवेदकाला तो चौकोन दिसला तर नेम लागला असे धरले जाई. म्हणजे तिथेही दिवा पडद्यात आणि डोळा बंदुकीत!

डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधक जॉनी ली यांनी 'वी'चा रिमोट वापरून ही मांडणी पुन्हा फिरवली. त्यांनी रिमोट एका जागी स्थिर ठेवला आणि पेनाच्या टोकाला अवरक्त दिवा लावला. भिंतीवर पाडलेल्या संगणकाच्या चित्रावर या पेनाने लिहिले की रिमोट त्याच्या टोकाचा माग घेई आणि संगणकात अक्षरे उमटत. महागडा फळा विकत न घेता अशा रीतीने वर्गासाठी स्वस्त संगणकीय फळा तयार झाला. दिवा आणि डोळा यांच्या जागा ज्याला नेमक्या कळल्या, त्यालाच त्या बदलण्याची कल्पना सुचू शकते.

हातात काहीच नसेल तर?

नोव्हेंबर २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'किनेक्ट' आणले. त्यात खेळाडूच्या हातात काहीच नसे. नुसते हात हलवले, उडी मारली, तरी पडद्यावरची आकृती तसेच करी. हे यंत्र अंगाची ऊब पाहते, असे अनेकांना वाटे. पण वर पाहिल्याप्रमाणे अंगाची ऊब साध्या सिलिकॉन कॅमेऱ्याच्या टप्प्यात येत नाही. किनेक्टमध्ये दिवा आणि डोळा दोन्ही टीव्हीपाशीच, पण एकमेकांपासून थोड्या अंतरावर असतात. दिवा म्हणजे एक अवरक्त लेसर. तो खोलीभर हजारो ठिपक्यांची ठरावीक नक्षी पाडतो आणि बाजूचा कॅमेरा ती नक्षी पाहतो.

हे समजण्यासाठी अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या काचेवर बारीक उभी फट कापलेला काळा कागद लावा आणि उजेडाची रेघ भिंतीवर पाडा. टॉर्चपासून हातभर बाजूला उभे राहून पाहा. आता भिंतीपुढे एक जाड पुस्तक धरा. पुस्तकावर पडलेली रेघ भिंतीवरच्या रेघेपासून सरकलेली दिसेल. पुस्तक जितके आपल्याजवळ, तितकी रेघ अधिक सरकलेली. किनेक्ट प्रत्येक ठिपका किती सरकला हे मोजून त्या जागेचे अंतर काढते. भूमापन करणारे दोन ठिकाणांहून कोन घेऊन लांबच्या टेकडीचे अंतर काढतात, त्याचीच ही घरगुती आवृत्ती.

२०१३ साली आलेल्या दुसऱ्या किनेक्टची रीत वेगळी होती. प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागतो, यावरून ते अंतर काढी. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो. ३ मीटरवरच्या खेळाडूपर्यंत जाऊन परत यायला त्याला अवघे २० नॅनोसेकंद लागतात!

खेळांसाठीच्या किनेक्टचे उत्पादन २०१७ साली थांबले. त्याच वर्षी आलेल्या आयफोन टेनमध्ये मालकाचा चेहरा ओळखण्यासाठी अवरक्त ठिपक्यांच्या नक्षीचीच युक्ती वापरलेली होती. पहिल्या किनेक्टचे तंत्र पुरवणारी प्राइमसेन्स ही इस्रायली कंपनी २०१३ मध्ये ॲपलने विकत घेतली होती. खेळणे गेले, तत्त्व राहिले.

वर्गासाठी काही प्रश्न

मेणबत्तीचा प्रयोग मोठ्यांच्या देखरेखीखाली, पडदे, कागद आणि टीव्ही यांपासून सुरक्षित अंतर ठेवून करावा. 'वी' उपलब्ध नसला तरी पुढील प्रश्नांवर चर्चा घडवता येईल.

१. मेणबत्त्यांऐवजी दोन पांढरे एलईडी दिवे लावले तर चालेल का? (पांढऱ्या एलईडीतून अवरक्त किरण जवळजवळ निघतच नाहीत. डोळ्यांना प्रखर वाटणारा हा दिवा रिमोटला जवळपास अंधारच वाटेल.)

२. टीव्हीमागच्या खिडकीतून ऊन येत असेल तर पडद्यावरचा हात भरकटतो. का?

३. खेळाडू पट्टीच्या समोर न राहता खूप बाजूला उभा राहिला, तर प्रतिमेत दोन ठिपके जवळ येतात. तो बाजूला गेला की मागे गेला, हे नुसत्या दोन ठिपक्यांवरून सांगता येईल का? तिसरा ठिपका कुठे ठेवावा म्हणजे सांगता येईल?

४. 'वी'प्रमाणेच किनेक्टही भर उन्हात नीट चालत नसे. त्याचे कारण काय असावे?

तिसऱ्या प्रश्नावर आमच्या मुलांची दोन दिवस वादावादी चालली होती.

शेवटी आमच्या चुकीविषयी. पुढच्या तासाला आम्ही फळ्यावर 'संवेदक पट्टी' असे लिहिले, त्यावर काट मारली आणि वर्गाला सांगितले, की आम्ही वस्तूचे नाव वाचून तिचे काम ठरवले होते. नाव कंपनीने दिले होते, तारा मात्र डोळ्यांसमोर होत्या. आम्ही नाव वाचले. तिने तारा मोजल्या. ती पट्टी आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. मुलांनी तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'हा दिवा आहे.'